सहावं पान

वाइरेरे,
११ फेब्रुवारी २०१८

एरू,

फोन करत नाही, कारण फोनवर तू "हो मावशी, नाही मावशी" एवढंच बोलतोस आणि मागे कुणीतरी खिदळत असतं. कागदावर माणसाला जरा थांबून बोलावं लागतं. म्हणून पत्र.

डिसेंबरपासून माझं पोट फुगत होतं. मला वाटलं नाताळचं खाणं. जानेवारीत स्कर्टचं बटण लागेना तेव्हा डॉक्टरकडे गेले. त्यानं गिझबर्नला पाठवलं, गिझबर्ननं ऑकलंडला. डाव्या अंडाशयात गाठ आहे आणि ती चांगल्यापैकी नाही. ८ मार्चला ऑपरेशन. मी चालवते ती शाळेची बस तोवर डार्सीच्या हातात दिली आहे, देव पोरांचं भलं करो.

हे अजून कुणाला ठाऊक नाही. डार्सीला पाठीचं दुखणं म्हणून सांगितलंय. खरं सांगितलं तर उद्या वीस बायका माझ्या स्वयंपाकघरात रडत बसतील आणि त्यांना चहा मलाच करावा लागेल.

तुझ्याकडे एक काम आहे. हॉस्पिटलात काही लोक अभ्यास करतायत. माझ्या गाठीचे स्कॅन त्यांच्याकडे आहेतच. ऑपरेशनात गाठ निघाली की तिचे पाच तुकडेही त्यांना हवेत. मार्गो म्हणून नर्स आहे, स्वभावानं चांगली, पण बोलते आगगाडीसारखी. तिनं आठ पानांचा कागद दिलाय. सही करायची. आता आपल्यात असली सही कुणी एकट्यानं करत नाही, घरच्या एकानं वाचून 'हो' म्हणावं लागतं. माझं घर म्हणजे तू. म्हणून कागद सोबत पाठवलाय. एक प्रत माझ्याकडे आहे, पण माझा चष्मा तुला माहीत आहे.

माझी अट एकच. माझ्या अंगातून जे काढतील ते परत मिळायला हवं. मी जिथे जाणार आहे त्याच मातीत ते जाईल. मार्गो म्हणाली, परत मिळतं, तशी सोय आहे. तू ते नीट बघ. कागदात असेल तर 'हो' लिही, नसेल तर 'नाही'. बाकीचं शास्त्र मला नको.

पंधरा दिवसांत उत्तर पाठव.

रिपेका मावशी


इन्व्हरकार्गिल,
२५ फेब्रुवारी

मावशी,

पाकीट मिळालं. बटणाचं वाचून हसलो आणि मग पुढची ओळ वाचली. त्या दिवशी सुरी दोनदा बोटावर आली. लागलं नाही, हातात जाळीचा मोजा असतो.

कागद वाचला. आठही पानं. मोठमोठे शब्द आहेत, पण मतलब तोच, मार्गो म्हणाली तो. चौथ्या पानावर चौकट आहे, 'नमुने परत हवेत' म्हणून. तिथे खूण कर आणि सही करून टाक. माझं 'हो'.

मी बरा आहे. कामाचं लिहितो, नाहीतर तुला वाटेल इथेही मी लोकांची थोबाडं फोडत फिरतो. कत्तलखान्यात वर साखळी असते, तिच्यावर मेंढ्या टांगलेल्या सरकत जातात. खाली त्याच वेगानं ट्रे सरकतात. वरचं धड ज्या मेंढीचं, बरोबर त्याच्याखालच्या ट्रेमध्ये काळीज-आतडी त्याच मेंढीची. सरकारी तपासनीस खाली काळीज दाबून बघतो. डाग दिसला की घंटा वाजवतो, आणि वरचं ते धड बाजूला काढतात. वरचं आणि खालचं जोडीनं चालतंय ना, हे बघायचं काम माझं. एक ट्रे मागे पडला तर चांगली मेंढी फेकली जाते आणि रोगट पुढे जाते. कंटाळवाणं आहे, पण नजर हलवता येत नाही. तीन वर्षांतलं हे पाचवं काम, आणि मुकादम नावानं हाक मारतो असं पहिलंच.

तुझ्या अभ्यासवाल्यांचंही असंच असणार. बाहेरून फोटो, आतून तुकडा.

ऑपरेशनला एकटी जाऊ नको. डार्सीला खरं सांग.

एरू


वाइरेरे,
१९ मार्च

एरू,

झालं. गाठ निघाली, मोठ्या रताळ्याएवढी होती म्हणे. दुसरं अंडाशय आणि पिशवीही काढली. आता औषधाच्या सहा फेऱ्या, दर तीन आठवड्यांनी एक. केस जाणार आहेत. टोपी विणायला घेतली आहे.

डार्सीला सांगितलं. वीस नाही, सव्वीस बायका आल्या. चहा त्यांनीच केला. पाणचट होता, पण मी बोलले नाही. दुखणं किती आहे ते यावरून समज.

ऑपरेशनच्या आधी मार्गोनं मला स्कॅन दाखवला. मला सगळं ढगाळ दिसलं. तिनं त्यावर पाच ठिपके दिले होते. म्हणे हे गुळगुळीत आहे, हे रवाळ आहे, हे कडेचं काळपट. बरोबर त्या पाच जागांवरून तुकडे घेतले. मी बेशुद्ध होण्याआधी सर्जनला म्हटलं, "मोजून घ्या, मोजून परत द्या." तो म्हणाला, "हो बाई, मोजूनच."

कागदावर 'नमुने कोण नेणार' अशी ओळ होती. तिथे मी तुझं नाव लिहिलंय. तुला विचारलं नाही, विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. जूनमध्ये हंगाम संपला की तुमची साखळी बंद होते. तेव्हा ऑकलंडला जा आणि घेऊन ये. कुरिअरनं पाठवतो म्हणाले होते, मी म्हटलं माणसाचं अंग माणसानं आणायचं असतं.

मावशी


इन्व्हरकार्गिल,
२ एप्रिल

मावशी,

माझं नाव कशाला घातलंस? डार्सी दर महिन्याला मासे घेऊन ऑकलंडला जातो. व्हॅन त्याची, रस्ता त्याला पाठ.

मी तिकडे आलो की काय होतं ते तू पाहिलंयस. मागच्या वेळी हाने आजोबांच्या वाढदिवसाला आलो आणि त्यांच्या पुतण्याचा दात पाडून गेलो. वाइरेरेत मला पाच दिवस झाले की भिंती जवळ यायला लागतात. जूनमध्ये इथे साफसफाईचं काम मिळेल असंही मुकादम म्हणत होता.

आणि एक सांगतो. मी दिवसभर खायचं मांस हाताळणारा माणूस. माणसाचं अंग आणि खाणं एका हातात येऊ द्यायचं नाही, हे तूच मला शिकवलंस. मग माझ्या हातात हे कसं देतेस? गावात रीतभात हाने आजोबा सांगतात, त्यांना विचारून बघ, ते नाही म्हणतील.

टोपी कुठल्या रंगाची?

एरू


वाइरेरे,
२४ एप्रिल

एरू,

विचारलं. हाने आजोबा म्हणाले, "त्याला सांग, हात धुता येतात." दाताचंही विचारलं. पुतण्यानं नवा बसवलाय आणि पहिल्यापेक्षा बरा दिसतो. टोपी लाल आहे.

आता मुद्द्याचं. मार्गोचं पत्र आलंय. जसंच्या तसं उतरवते:

"आपल्या पाच नमुन्यांपैकी तीन नमुने प्रथिनांच्या तपासणीसाठी पूर्णपणे वापरले गेले आहेत. आपण दिलेल्या संमतीतील सहाव्या पानानुसार ते परत करता येणार नाहीत. उरलेले दोन नमुने ३० जूनपर्यंत न्यावेत. त्यानंतर ते नियमाप्रमाणे नष्ट करण्यात येतील."

मी माझी प्रत काढली, खिडकीशी बसले आणि सहावं पान बोट ठेवून वाचलं. दुसऱ्या परिच्छेदात आहे. तुकडा कुटून त्याचा द्रव करतात, तो मशीनमध्ये जातो, नमुना संपतो, परत मिळत नाही. चौथ्या पानावरची तुझी चौकट फक्त उरलं तर, यासाठी आहे.

तू आठही पानं वाचली होतीस. मग 'हो' का लिहिलंस?

तुला एक गोष्ट सांगितली नव्हती, ती आता सांगते. तुझी आई न्यूमोनियानं गेली नाही. तिलाही हेच झालं होतं, याच जागी. तू चार वर्षांचा होतास. तिच्या अंगातून जे काढलं ते हॉस्पिटलच्या भट्टीत गेलं. तेव्हा कुणी विचारत नसे, आणि मागावं हे आम्हाला सुचलं नाही. तुझी आजी मरेपर्यंत म्हणत राहिली, मी माझी अर्धीच पोरगी पुरली. माझी अट त्यासाठी होती. त्यात हट्ट नव्हता.

रिपेका


इन्व्हरकार्गिल,
६ मे

मावशी,

मी वाचलं नव्हतं.

पहिलं पान अर्धं वाचलं. एक संध्याकाळ लागली. मग एका शब्दाशी अडकलो, तो अजून मला म्हणता येत नाही. खोलीत आणखी तिघं राहतात, कुणाला विचारावं तर हसतील असं वाटलं. म्हणून पानं उलटत चौकट शोधली. कामावरच्या कागदांचंही मी तेच करतो. चौकट शोधायची, खूण करायची, मुकादमाला द्यायचं. चौथ्या पानावर सापडली, वाटलं झालं काम.

'असले कागद मला वाचता येत नाहीत' असं तुला लिहायची लाज वाटली. वाचायला तूच शिकवलंस. बसमध्ये पुढच्या सीटवर बसवून रस्त्यावरच्या पाट्या वाचून घ्यायचीस. मी पाट्या आणि पत्रांपर्यंतच पोहोचलो. पुढे शाळा सोडली तेव्हा तू भांडलीस आणि मी घर सोडलं.

आईचं वाचलं. त्या दिवशी साखळीवर वरचं आणि खालचं जुळत होतं का, ते मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मुकादमानं बाजूला घेतलं, बाहेर बसवलं.

तीन तुकडे माझ्यामुळे गेले. उरलेले दोन आणायला मी जातो. तू नको म्हणालीस तरी जातो. साखळी ८ जूनला थांबते.

एरू


वाइरेरे,
२१ मे

एरू,

दोन आण.

मी रागावले आहे. तो राग तू समोर आल्यावर काढीन, पत्रात वाया घालवत नाही.

तिसरी फेरी झाली. केस गेले. टोपी काढली की हुबेहूब तुझ्या वारलेल्या आजोबांसारखी दिसते, डार्सी घाबरला.

मावशी


ऑकलंड,
१३ जून

मावशी,

मी अजून इथेच आहे, आणि का आहे ते लिहितो. नाहीतर तुला वाटेल पुन्हा पळालो.

सोमवारी गेलो. मार्गो भेटली. आगगाडी म्हणालीस ते बरोबर, मधे स्टेशनच नाही. तिनं मला खाली फ्रीझरच्या खोलीत पाठवलं. तिथे लोसा नावाची बाई असते, सामोआची, तुझ्याएवढी, गळ्यात चाव्या. तिनं दोन डब्या काढल्या आणि वही पुढे केली.

"सही इथे."

मी म्हटलं, "बाकीचे तीन?"

"वापरले."

"वापरले म्हणजे?"

"संपले. कागदात लिहिलंय की. वाचला नाहीस?"

मावशी, कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं झालं. पण खोटं बोललो नाही. म्हटलं, "नाही वाचला. म्हणून तर विचारतोय. बाई, मी कत्तलखान्यात काम करतो. आमच्याकडे मेंढीचं काही संपत नाही. कातडं, खूर, रक्त, सगळं कुठे ना कुठे जातं आणि कुठे गेलं ते सांगता येतं. तुमच्याकडे माणसाचं संपतं कसं?"

तिनं पेन खाली ठेवलं. "कुठला रे तू?"

"पूर्व किनाऱ्यावरचा."

"तरीच. माझ्या आजीनं हेच विचारलं असतं, पण हातात झाडू घेऊन. ये आत. कशाला हात लावायचा नाही."

तिनं मला स्क्रीनसमोर बसवलं. तुझा स्कॅन काढला. त्यावर नाव नाही, नुसता सत्तेचाळीस नंबर. मलाही ढगच दिसले. ती म्हणाली, डोळ्याला सगळं राखाडी दिसतं, पण मशीन ठिपका न् ठिपका मोजतं. कुठे गुळगुळीत, कुठे रवाळ, कुठे कड फाटलेली, त्या प्रत्येकाचा आकडा काढतं. हे झालं बाहेरून. मग त्याच जागेचा तुकडा कुटून त्याचा द्रव करतात, आणि दुसरं मशीन सांगतं की त्यात कुठलं प्रथिन किती आहे. अशी हजारो नावं. हे झालं आतून. मग शंभर-दीडशे बायकांचं बाहेरचं आणि आतलं शेजारी शेजारी ठेवून बघायचं, की रवाळ दिसलं तिथे आत नेहमी काय सापडतं.

मी म्हटलं, "म्हणजे वर धड, खाली ट्रे."

"काय?"

मग मी तिला आपली साखळी समजावली. घंटेसकट. ती ऐकत राहिली. मी विचारलं, "तुमचा ट्रे कधी सरकत नाही?"

ती आधी हसली, मग थांबली. "एकदा सरकला होता. दोन बायकांच्या डब्यांची अदलाबदल. रवाळ गाठीत गुळगुळीत गाठीची प्रथिनं दिसायला लागली. चार महिने मोठमोठे डॉक्टर डोकं खाजवत होते."

"कुणी पकडलं?"

"तुला काय वाटतं?" म्हणून तिनं चाव्या वाजवल्या.

मी विचारलं, "याचा माझ्या मावशीला उपयोग काय?"

"तुझ्या मावशीला काही नाही. खोटं कशाला सांगू? तिला जे औषध द्यायचं ते डॉक्टर देतायतच. हे जमलं तर दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या मावशीला. नुसता फोटो काढायचा आणि फोटोवरूनच ओळखायचं की आत काय आहे, कुठलं औषध चालेल. त्यासाठी कापून बघायला नको."

मग मी मूळ मुद्द्यावर आलो. "कुटलेलं सगळं मशीनमध्ये जातं?"

"थेंबभर जातं."

"आणि बाकीचं?"

"नळीत राहतं. पुन्हा तपासायची वेळ आली तर असावं म्हणून."

"म्हणजे संपलं नाही."

"कागदाप्रमाणे संपलं."

"आणि फ्रीझरप्रमाणे?"

मावशी, त्या बाईनं गळ्यातल्या चाव्या काढल्या. मग उठली, जाड हातमोजे घातले आणि कपाटाएवढा फ्रीझर उघडला. धूर बाहेर आला. तिसऱ्या कप्प्यातून एक खोकं काढलं, त्यातून तीन नळ्या. करंगळीच्या पेराएवढ्या. प्रत्येकीवर सत्तेचाळीस, आणि तळाला जरासं पिवळट गोठलेलं. चिमूटभर मीठ असावं तेवढं.

"हे कुणी कधी मागितलं नाही," ती म्हणाली. "एकवीस वर्षांत."

"मी मागतोय."

तिला स्वतःला देता येत नाही. समितीची परवानगी लागते, तिनं आणि मार्गोनं मिळून अर्ज केलाय. बारा दिवस लागतील. त्या अर्जावर घरच्या माणसाची सही हवी होती. दीड पानाचा होता. मी म्हटलं, "मला वेळ लागेल." लोसा म्हणाली, "बस की." मी बसलो. दोन शब्द तिला विचारले. मग सही केली.

डार्सीच्या भावाकडे राहिलोय. आता तू सांग. त्या नळ्यांमध्ये नुसतं तुझं अंग नाही, औषधंही घातलेली आहेत, विरघळवायला. ते चालेल का? आणि तो मशीनमध्ये गेलेला थेंब, तो खरंच गेला. तो मी आणू शकत नाही.

एरू


वाइरेरे,
१८ जून

एरू,

तुझं पत्र हाने आजोबांना वाचून दाखवलं. 'आणि फ्रीझरप्रमाणे?' इथे ते एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग म्हणाले, "औषध तर तिच्या अंगातही भरलंय, म्हणून काय तिला आपल्या मातीबाहेर ठेवायची?" तेव्हा चालेल. पाचही आण.

थेंबाचं मी दोन दिवस मनात घोळवलं. तुझ्या आईचं त्यांनी घेतलं होतं. हे मी देते. कापून बघायला नको, हे मार्गोनं मला सांगितलं नव्हतं, की सांगितलं आणि मी ऐकलं नाही, कोण जाणे. तुझ्या आईला तीनदा कापलं होतं. म्हणून तो थेंब मी दिला. त्याची रुखरुख तू धरू नको.

आता कसं आणायचं ते ऐक. खोकं कोरं हवं. डार्सी माशांच्या बर्फाचं खोकं देईल, ते घ्यायचं नाही. मांडीवर ठेवायचं, पायाशी नाही. बरोबर असेपर्यंत तुझ्या तोंडात काही जायचं नाही, पाणीसुद्धा खाली उतरून, दूर जाऊन प्यायचं. आणि तिच्याशी बोलत ये. माझ्याशी, म्हणजे. गप्प बसून आणू नको, मला कंटाळा येतो.

मावशी


वाइरेरे,
४ मार्च २०१९

एरू,

तू नोव्हेंबरात परत दक्षिणेला गेलास तेव्हापासून तुझी तीन पत्रं आली आणि माझं एकच. आज बसले.

आधी इकडचं. जुलैत आपण पुरलं तिथे मी काल गेले होते, तुझ्या आईच्या थडग्याच्या पायाशी. वर गवत आलंय. डार्सी अजून सगळ्यांना सांगतो, की एरूनं माझे तळलेले मासे चालत्या व्हॅनमधून बाहेर फेकले आणि वर खोक्याची माफी मागितली. दर वेळी मासे वाढतात. आता बारा झालेत.

त्या साडेचार महिन्यांत भिंती जवळ आल्या नाहीत असं तू म्हणालास, ते मी लक्षात ठेवलंय.

आता दुसरं. पुन्हा आलंय. या वेळी यकृताच्या कडेला, लहान आहे. पुन्हा औषध सुरू करणार. डॉक्टर सरळ बोलला, मलाही तेच आवडतं. किती दिवस ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

अभ्यासवाल्यांना नवा स्कॅन आणि नवा तुकडा हवाय, सुईनं घेतील. पहिल्या वेळचं आणि आताचं शेजारी ठेवून त्यांना बघायचंय, काय बदललं. नवा कागद आलाय, नऊ पानांचा. मी सही केलेली नाही. नवा चष्मा आलाय, मला वाचता येतो. तरी तुला पाठवते आहे.

मार्गो म्हणते, हे घराण्यात उतरू शकतं, तेव्हा तुझ्या आईमुळे आणि माझ्यामुळे तुझंही रक्त तपासायला हवं. मी म्हटलं त्याला अंडाशय कुठाय? ती म्हणाली, तरी.

घाई नाही. लागेल तेवढा वेळ घे.

रिपेका मावशी


इन्व्हरकार्गिल,
२० मार्च

मावशी,

पुन्हा आलंय हे वाचलं. त्याबद्दल समोर बोलू. साखळी जूनपर्यंत चालेल, पण मी ईस्टरला येतो आणि राहतो. मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, जागा ठेवतो. ठेवली तर ठेवली.

रक्त दिलं. त्याचा कागद दोन पानांचा होता, वाचूनच दिलं.

तुझा कागद वाचायला अकरा दिवस लागले. जेवणाच्या सुट्टीत वाचायचो. पहिल्याच दिवशी खोलीतल्या तिघांना सांगून टाकलं की मला हे जड जातं. कुणी हसलं नाही. टोंगाचा सेमिसी म्हणाला, "मलाही जातं, मी तर कशावरही सही करतो." आता तोही शेजारी येऊन बसतो. मी मोठ्यानं वाचतो, तो मधेच म्हणतो, "थांब, म्हणजे काय?" आणि मग दोघांनाही थांबावं लागतं.

पान एक आणि दोन, अभ्यास कशासाठी. ते मला लोसामुळे माहीत होतं. तो अडलेला शब्द पुन्हा आला. प्रथिनांच्या सगळ्या यादीला मिळून तो शब्द वापरतात, बाकी काही नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी मी गेल्या वर्षी पानं उलटली.

पान तीन. सुई कुठून घालणार, किती दुखेल, रक्त येऊ शकतं. 'क्वचित' असा शब्द आहे. क्वचित म्हणजे किती ते लिहिलेलं नाही. मार्गोला विचार, आणि ती बोलायला लागली की हात वर कर.

पान चारवर चौकट आहे. मी तिच्याकडे बघितलंच नाही, आधी पुढचं वाचलं.

पान पाच. तुझा स्कॅन आणि आकडे दुसऱ्या देशातल्या लोकांनाही दाखवतील, नावाशिवाय. ते तुला चालतं का ते तू ठरव. मला वाटतं हाने आजोबांशी बोल.

सात, आठ, नऊ यांत तक्रार कुठे करायची आणि कधीही नाही म्हणता येतं, हे आहे. कधीही, मावशी. सही केल्यावरही. हे मागच्या कागदातही होतं. मी आता तो शोधून वाचला.

सहावं पान शेवटी ठेवलं होतं. त्यावर तेच वाक्य आहे, जसंच्या तसं. 'नमुना पूर्णपणे वापरला जाईल.' मी ते खोडलेलं नाही, कागद तुझा आहे. पण बाजूच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं लिहिलंय, 'नळीच्या तळाला उरतं. तेही परत द्यावं. लोसाला विचारा.' पटलं तर तू पेननं गिरव आणि मग सही कर. माझं 'हो'. या वेळी नऊही पानांचं.

'नमुने कोण नेणार' ही ओळ आठव्या पानावर आहे. तिथे पेन्सिल वापरली नाही. माझं नाव मीच पेननं लिहिलंय.

एरू